मर्डरचा सातबारा

शब्दाचा सातबारा काढल्याशिवाय मी शब्द शिकवत नाही. अमरावतीच्या राजापेठेत वर्षाला दहा क्लास उघडतात आणि बारा बंद पडतात. माझा नऊ वर्षं टिकलाय तो या सातबाऱ्यावर. बोर्डावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात मूळ मालक, म्हणजे शब्द कुठल्या भाषेच्या घरात जन्मला. दुसऱ्यात फेरफार, म्हणजे तो कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला. तिसऱ्यात हल्लीचा कब्जेदार, म्हणजे आज त्यावर कोण नांगर चालवतंय. माझी पोरं शेतकऱ्यांची. व्याकरणाचा नियम सांगितला की जांभया देतात, सातबारा म्हटलं की ताठ बसतात. इंग्रजी म्हणजे आपल्यासारखंच गाव आहे, असं मी त्यांना सांगते. एक आळी लॅटिनची, एक आळी जर्मनिक बोलींची, आणि भांडता भांडता झालेली सोयरीक.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळच्या बॅचला रश्मी आली. ती पाच आठवडे आली नव्हती. पहिल्या बाकावर बसली, वही उघडली आणि मी बोर्डाकडे वळायच्या आत म्हणाली, "मॅडम, आज मर्डरचा काढा."

अठराच्या अठरा पोरांनी माना वर केल्या. रश्मीचा मोठा भाऊ संघपाल पोळ्याच्या दिवशी मेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेपरात चार ओळी आल्या होत्या, पोळ्यात बैल उधळले, तरुण शेतकरी ठार. ती आणि मी एकाच गावच्या, अकोटपासून अकरा किलोमीटरवरच्या, हेही ठाऊक होतं. त्या दिवशी मी गावात, घटनेपासून वीस पावलांवर होते, हे मात्र त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

माझा राग राजापेठेत प्रसिद्ध आहे. उशिरा येणाऱ्याला मी खडू फेकून मारते आणि नेम चुकत नाही. त्या दिवशी राग आला नाही. सिलॅबसमध्ये नाही, असं सांगता आलं असतं. पण हा शब्द मी पाच आठवडे मनात घोळवत होते, रोज पुस्तकं उघडून बघत होते, म्हणून खडू उचलला.

"मूळ मालक," मी म्हणाले, "एकाच आज्याची दोन नातवंडं. लॅटिनच्या घरात मॉर्स, म्हणजे मरण. जर्मनिक घरात, म्हणजे जुन्या इंग्रजीत, मोर्थ आणि मोर्थोर. आपला मृत्यू, आपलं मर्तिक, फारसीतून आलेला मुर्दा, सगळे त्याच भावकीतले. पोलीस ठाण्यात अपघाती मरणाची नोंद होते तिला मर्ग म्हणतात. तोही फारसी, तोही त्याच भावकीतला."

"मर्ग मले माहीत हाय," रश्मी म्हणाली. "भाऊचा मर्गच दाखल हाय. पुढं सांगा."

मी फेरफाराचा रकाना भरायला घेतला. मोर्थ म्हणजे नुसतं मारणं नव्हतं, मारून लपवणं होतं. जो सगळ्यांसमोर मारायचा आणि हो, मी मारलं म्हणायचा, त्याच्या गुन्ह्याला वेगळं नाव होतं आणि त्याची भरपाई ठरलेली होती. मोर्थला भरपाई नव्हती, माफीही नव्हती. मग नॉर्मन आले, त्यांनी इंग्लंड जिंकलं. लोक त्यांना एकेकटं गाठून मारू लागले आणि मुलूखच्या मुलूख म्हणू लागला, आम्हाला काय माहीत. तेव्हा राजानं कायदा केला. नॉर्मन माणूस मेलेला सापडला आणि पाच दिवसांत मारणारा हजर केला नाही, तर दंड त्या सगळ्या मुलखाला. त्या दंडाला लॅटिन कागदांत नाव पडलं मुर्द्रुम. हाड जर्मनिक, कातडं लॅटिन. फ्रेंचांच्या तोंडून फिरत फिरत आज झाला मर्डर.

"अन् मेलेला थो नॉर्मन नसला तं?" मागच्या बाकावरून पिंटूनं विचारलं. पिंटू सत्तावीस वर्षांचा, तीनदा परीक्षा नापास, वर्गाचा विदूषक.

"तर नातेवाइकांनी येऊन शपथेवर सांगायचं की हा साधा इंग्रज होता, आमच्यातला. मग दंड माफ. कोणालाच काही भरावं लागत नसे."

"म्हंजे आधी जात पाहाची!" पिंटू हसला. मग त्याचं लक्ष रश्मीकडे गेलं आणि तो खाली बघायला लागला.

रश्मीनं सगळं नीट उतरवून घेतलं. पेन बाजूला ठेवलं. "मॅडम," ती म्हणाली, "एकानं सगळ्या गावासमोर मारलं, अन् मंग सगळ्या गावानं मिळून लपवलं, तं थे या शब्दात बसते का नाई?"

मी तिसरा रकाना तसाच सोडला आणि डोकं दुखतंय म्हणून बॅच सोडून दिली.

आता पोळा सांगते. आमचं घर आखराला लागून आहे. आखर म्हणजे गावाच्या कडेचं मोकळं मैदान, तिथंच पोळा भरतो. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली जोड्या रांगेनं उभ्या राहतात, झडत्या म्हणजे एकमेकांना टोमणे मारायची तुकबंदी रंगते, आणि मानकऱ्यानं शेला हलवला की तोरण तुटतं, बैल सुटतात. मानाची जोडी आमची. शेला हलवतात माझे वडील, महादेवराव. जोडी धरतो माझा भाऊ किशोर. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्या हातावर हात ठेवून मी त्याला मुळाक्षरं गिरवायला शिकवलीत. बौद्धपुऱ्यातल्या जोड्या शेवटी, उकिरड्याच्या अंगाला. हे कुठं लिहिलेलं नाही. आधीपासून असंच हाय, एवढं एक वाक्य गावाला पुरतं.

संघपालनं त्या वर्षी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावलेली जोडी आणली होती. पांढरीशुभ्र, अंगावर माशी बसली तर घसरावी. त्याला मान नको होता. जो आधी येईल तो आधी उभा राहील, एवढंच तो आठ दिवस सगळ्यांना सांगत होता, आणि त्या दिवशी तो खरंच सगळ्यांच्या आधी आला. तोरणाखाली, आमच्या जोडीच्या शेजारी उभा राहिला.

"मांगं जाय," किशोर म्हणाला.

"जागा खाली होती, मी आलो."

"जागा खाली नसते. जागा कोनाची तरी असते."

"मंग सातबारा दाखव ना, भाऊ," संघपाल म्हणाला आणि हसला. हसता हसता त्यानं आमच्या घराच्या ओट्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. माझ्या क्लासची गंमत त्याला रश्मीनं सांगितली असणार. मलाही हसू आलं. मी त्या दिवशी हसले होते, हे मी कुठल्याच जबाबात सांगितलेलं नाही, इथं सांगते.

किशोरनं बाजूला सोडलेल्या आमच्या बंडीची उभारी उपसली. उभारी म्हणजे बंडीच्या, बैलगाडीच्या, कडेला खोचलेला बाभळीचा सोटा. पहिला घाव कानावर बसला. मडकं फुटल्यासारखा आवाज आला. संघपाल गुडघ्यांवर आला, पण कासरा सोडला नाही त्यानं. दुसरा टाळूवर. तिसरा त्यानं वर केलेल्या हातावर पडला आणि हात मोडून तोंडावर उतरला. त्याचे दात मातीत पडलेले मी बघितले. तो जिवंत होता. आपल्याच बैलाच्या पायाला धरून उठायला बघत होता आणि त्याला उठता येत नव्हतं. आणि ते बैल, शंकरपटाचे, गोंगाटाला सरावलेले, तसूभर हलले नाहीत. एकानं मान खाली घालून त्याच्या डोक्याचा वास घेतला. बैल उधळले म्हणणाऱ्यांच्या तोंडात शेण पडो.

झडती म्हणणारा मधेच थांबला. मग माझ्या वडलांनी शेला हलवला.

घाईनं नाही, रागानंही नाही. दरवर्षी हलवतात तसा हलवला. तोरण तुटलं, ढोल वाजले, मागून चाळीस जोड्या सुटल्या. पुढे आमची होती, मानाची. किशोरनं तिला संघपालवरून नेली.

पाच मिनिटांत जोडी आमच्या दारात. आमच्याकडे बैल घरी आले की घरच्या बाईनं त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणपोळी भरवायची, आणि बैल आणणाऱ्याच्याही पायावर पाणी घालायचं. आईनं, गोदाबाईनं, माझ्या हातात तांब्या दिला. "धू," म्हणाली.

मी धुतले. चार खुरं या बैलाची, चार त्या बैलाची. उंबऱ्यापाशी कुंकवाचं पाणी वाहतंच दरवर्षी, त्यात या वर्षीचा लाल रंग कोणाला ओळखू येणार? एका खुराच्या फटीत केस अडकले होते. मी ते बोटानं काढले. मग किशोरनं पाय पुढे केला, मी त्यावर पाणी घातलं. तो माझ्या पाया पडला. सवयीनं मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. उभारी दाराला टेकवलेली होती. "थे बी धू," आई म्हणाली. मी तीही धुतली, गोवरीच्या राखेनं घासून. किशोरनं ती बंडीला परत खोचली. आखरावरून चतुराबाईचा, संघपालच्या आईचा, आवाज येत होता. तो मी अजून विसरले नाही आणि विसरायची माझी लायकीही नाही.

पोलिसांनी एक्केचाळीस जबाब घेतले. एक्केचाळीस जणांनी एकच वाक्य सांगितलं: आमी तोरणाकडं पाहून राहिलो होतो, बैल कवा उधळले समजलंच नाई. माझा जबाब सत्ताविसावा. मी अमरावतीची इंग्रजीची मॅडम, म्हणून हवालदारानं खुर्ची दिली. मी शुद्ध मराठीत सांगितलं की मी तोरणाकडे बघत होते. भ्याले, हे खरं. पण भीतीपेक्षाही जास्त, मला माहेर हवं होतं. मी लग्न केलेलं नाही, मला दुसरं घर नाही. पुरणपोळी आणि आईचा हात आणि ओटा, एवढ्यासाठी मी खोटं बोलले.

त्या मंगळवारी बॅच सुटल्यावर रश्मी जागची हलली नाही.

"मायनं तुमाले ओट्यावर पाह्यलं," ती म्हणाली. "पयल्या घावाले तुमी तोंडावर हात ठेवला. तोरण त तवा तुटलंच नोहतं. मंग हात कावून ठेवला मॅडम?"

आणि आता मला राग आला, चुकीच्या माणसावर, नेहमीसारखा. "शिकायला येतेस की उलटतपासणी घ्यायला? निघ! चालू लाग!" मी ओरडले. डस्टर फेकला. तो तिच्या खांद्याला लागला आणि तिच्या काळ्या कुर्त्यावर पांढरा चौकोन उमटला.

तिनं तो झटकला नाही. डस्टर उचलून टेबलावर ठेवला. "मले दंड नाई पायजे गावाले," ती म्हणाली. "मायचं पोलिसाईनं लिहून घेतलं नाई. माया भाऊ बैलाखाली मेला नाई, एवढं एकानं सांगाव. थो बैलाले जीव लावे मॅडम. बैलाचं नाव खराब झालं." मग दाराशी थांबून म्हणाली, "बैल इकावे लागले. कोनी घेत नोहतं. मानूस मारनारी जोडी म्हणतेत तिले."

ती गेल्यावर मी बाकावर बसून रडले. रडून झाल्यावर करू नये ते केलं. आईला फोन लावला. मोठं काही करायच्या आधी आईला सांगायचं, ही आम्हा माहेरवाशिणींची जुनी खोड.

"माय, मी खरं सांगून टाकतो," मी म्हणाले. गावच्या माणसाशी बोलताना माझी जीभ आपोआप गावची होते.

"कोनाले?"

"अकोल्याले जाऊन. साहेबाले."

मग आई म्हणाली, "जेवली का तू?" आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला किशोर आला. जिन्यावर त्याच्या बुटांचे आवाज मी ओळखले. बॅच भरलेली होती. बोर्डावर भलताच कुठला तरी शब्द होता, तीन रकान्यांत.

"ताई, चाल घरी."

"शिकवते आहे मी. खाली थांब."

"मायनं जेवन सोडलं. चाल."

"खाली थांब म्हटलं ना?"

तो पुढे आला आणि त्यानं माझ्या मुस्काटात मारली. चष्मा उडून बाकाखाली गेला. आमच्या घरात बाप मारायचा, भाऊ कधी मारत नव्हता. क्षणभर मला काही कळेना. मग कळलं, तशी मी त्याच्या तोंडावर खडूचा डबा हाणला. डोळ्यात भुकटी गेली त्याच्या. त्यानं माझी वेणी धरून डोकं बोर्डावर आदळलं, एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा बोर्ड खिळ्यावरून निसटला. मी खाली बसले तेव्हा तो वाकून मला म्हणाला, अगदी हळू, लहानपणी भीती वाटली की बोलायचा तसं, "ताई, मले फाशी होईन. तू मले फाशी देशीन?"

त्या क्षणी मी विरघळले असते. खोटं कशाला सांगू. तो माझा किशोर होता.

"तू त्याला का मारलंस?" मी विचारलं.

"हासला थो," किशोर म्हणाला. "सगळ्याईसमोर हासला."

मी त्याचा हात झटकून दाराकडे धावले. खाली केशवरावांचं मोबाइलचं दुकान आहे, त्यांना हाक मारायची होती. मी चौकट धरली आणि किशोरनं मागून लोखंडी दार ओढलं. माझा उजवा हात मधे होता. त्याला ते दिसलं. दिसल्यावर त्यानं दार सोडलं नाही, पाय लावून आणखी दाबलं. बोटं मोडल्याचे आवाज मला वेगवेगळे ऐकू आले. मी किंचाळले. मग तो जिना उतरून गेला.

केशवराव धावत वर आले. मी जमिनीवर, हात मांडीवर, बोटं नको त्या दिशांना. "काय झालं? कोण होता तो?" त्यांनी पोरांना विचारलं.

अठरा पोरं उभी होती. मग पिंटू बोलला, माझा लाडका, तीनदा नापास झालेला पिंटू.

"दरवाजा लागला काका," तो म्हणाला. "आमी बोर्डाकडं पाहून राहिलो होतो."

बोर्ड खाली पडलेला होता. तरी तो तसं म्हणाला, आणि त्याच्या शेजारच्यानं मान हलवली, आणि मग त्याच्या शेजारच्यानं. मी त्यांच्यावर चिडू शकले नाही. हे वाक्य त्यांना कोणी शिकवलं होतं? माझाच सत्ताविसावा जबाब होता तो, शब्द तेवढा बदललेला.

"मी पाह्यलं," रश्मी म्हणाली.

ती बाकांमधून बाहेर आली, जिना उतरली आणि राजापेठेच्या रस्त्यावर उभी राहून ओरडायला लागली. किशोर गाडीला किक मारत होता. त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव घेऊन ती ओरडत होती. यानं मॅडमचा हात तोडला, मी पाह्यलं! यानं माया भाऊ मारला! किशोरनं तिला ढकललं, ती दुभाजकावर पडली, भुवई फुटली. उठून पुन्हा गाडीसमोर उभी राहिली, रक्त डोळ्यात, आणि ओरडतच होती. गाड्या थांबल्या. भाजीवाल्या बाया उठल्या. शेवटी गर्दीतल्या चारपाच जणांनी गाडीची किल्ली काढून घेतली. हे सगळं मी खिडकीतून बघितलं, मोडलेला हात छातीशी धरून. एकटी पोरगी हे करू शकते, आणि आम्ही एक्केचाळीस होतो.

त्या दिवसाचा गुन्हा अमरावतीला नोंदला गेला. माझ्या हातावर शस्त्रक्रिया झाली, दोन बोटं आता वळत नाहीत. आठवड्यानं मी आणि रश्मी अकोल्याला गेलो, पोलिसांच्या मोठ्या साहेबांना अर्ज दिला, आणि दिवाळीनंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर माझा जबाब ठरला.

कोर्टाच्या व्हरांड्यात आई बसली होती. एकटी, मांडीवर पिशवी. मला वाटलं डबा आणलाय. प्लास्टरकडे तिनं बघितलं, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"दुखते का?"

"दुखते."

"तू आत गेली का मंग मायासाठी मेली," ती म्हणाली. "पानी सोडलं समज तुयावर."

"माय, केस अडकले होते खुरात. मी बोटानं काढले. तुले सांगितलं नाई मी."

आईनं तोंडाला पदर लावला. तिनं मला थांबवलं नाही आणि ती उठून गेलीही नाही.

आत न्यायदंडाधिकारी बाई होत्या, माझ्याहून लहान. शिपायालाही बाहेर पाठवलं त्यांनी. लिपिक टाइप करत होता. नाव, वय, धंदा झाला.

"मयताशी नातं?" बाईंनी विचारलं.

छापील प्रश्न होता. पण मी तिथंच अडकले. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातले लोक याच प्रश्नाला उत्तर द्यायचे आणि दंडातून सुटायचे. ते मेलेल्याला आमच्यातला म्हणून सुटायचे, आमचं गाव त्याच्या उलट, मेलेला आपल्यातला नाही असं मनात म्हणून सुटलं होतं. ते तोंडानं म्हणायचीही कोणाला गरज पडली नाही.

"आमचा माणूस," मी म्हणाले. "आमच्या गावचा. तसंच लिहा."

लिपिकानं बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "लिहा."

मग मी सांगितलं. तीन घाव, कोणता कुठे. बैल हलले नाहीत, हे दोनदा लिहून घ्यायला लावलं. वडलांचा शेला. आमची जोडी. तांब्या.

"इथे थांबा," बाई म्हणाल्या. "हे पुढचं तुमच्या स्वतःच्या विरोधात जाईल. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा तुमच्यावरही लागू शकतो. सांगायची सक्ती नाही."

"किशोरनं उघड्यावर मारलं होतं, सगळ्या गावासमोर," मी म्हणाले. "ते लपलं आमच्यामुळे. मी आठ खुरं धुतली, त्याचे पाय धुतले, उभारी राखेनं घासली. लिहा. उभारी अजून बंडीलाच आहे, डाव्या अंगाची, पुढून दुसरी. बाभळीला भेगा असतात, माझं पाणी आतपर्यंत गेलं नसेल."

दीड तास लागला. वाचून दाखवलं. सही करायची वेळ आली तेव्हा लिपिक माझ्या प्लास्टरकडे बघत राहिला, मग त्यानं शाईचं पॅड पुढे सरकवलं. इंग्रजीच्या मॅडमनं डाव्या हाताचा अंगठा उठवला, पाच पानांवर पाच वेळा.

बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातली आईची जागा रिकामी होती. रश्मी जिन्याशी उभी होती, भुवईवर टाक्यांची खूण. माझा काळा अंगठा दिसला तशी तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि म्हणाली, "आना मॅडम, हात धुऊन देतो."

मी हात मागे घेतला.

"नको," म्हणाले. "राहू दे. पाणी नको घालू."